चीनची माणसे कुठे राहतात, आणि तिथेच का?

2020 च्या जनगणनेनुसार चीनची लोकसंख्या 141 कोटी 18 लाख होती आणि त्या देशाचे क्षेत्रफळ सुमारे 96 लाख चौरस किलोमीटर आहे. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला 147 माणसे अशी घनता मिळते. भारताची घनता 2011 च्या जनगणनेत 382 आणि महाराष्ट्राची 365 होती, हे लक्षात घेतले तर चीन हा बराच ऐसपैस देश आहे असे वाटू लागते. परंतु 147 या आकड्याशी जुळणारा मुलूख प्रत्यक्ष चीनमध्ये शोधू गेल्यास फारच थोडा सापडतो. हेनान प्रांतात 1 लाख 67 हजार चौरस किलोमीटर जागेत, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित अधिक भूमीवर, 9 कोटी 94 लाख लोक राहतात. उलट महाराष्ट्राच्या जवळपास चौपट असलेल्या तिबेटमध्ये केवळ साडेछत्तीस लाख लोक आहेत. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत 2011 सालीच 31 लाख लोक होते, यावरून तिथल्या विरळ वस्तीची कल्पना यावी. देशाची सरासरी घनता ही अशा ठिकाणी माहिती देण्यापेक्षा माहिती झाकण्याचेच काम अधिक करते.

ही विषमता नकाशावर स्पष्टपणे मांडून दाखवण्याचे श्रेय हू ह्वानयोंग या भूगोलतज्ज्ञाकडे जाते. नानजिंगमध्ये शिकलेले, पुढे पॅरिसमध्ये अध्ययन करून परतलेले हू 1935 साली नानजिंगच्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. त्या काळी चीनमध्ये आधुनिक पद्धतीची देशव्यापी जनगणना झालेलीच नव्हती. ती 1953 मध्ये प्रथम झाली. त्यामुळे हू यांनी निरनिराळ्या प्रांतांचे आणि जिल्ह्यांचे उपलब्ध अहवाल गोळा केले, ठरावीक लोकसंख्येमागे एक टिंब या हिशेबाने ती सर्व टिंबे हाताने नकाशावर भरली, आणि मग ईशान्येकडील आयहुई या गावापासून नैर्ऋत्येकडील थेंगचोंग या गावापर्यंत एक सरळ तिरपी रेषा ओढली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्या वेळच्या सुमारे 45 कोटी 80 लाख लोकांपैकी 96 टक्के लोक या रेषेच्या आग्नेय बाजूला 36 टक्के भूमीवर राहत होते आणि उरलेल्या 64 टक्के भूमीवर फक्त 4 टक्के लोक होते. त्या वेळच्या चिनी नकाशात मंगोलियाही धरला जात असे. तो वगळून आजच्या सीमांप्रमाणे हिशेब केला तर आग्नेय बाजूला सुमारे 43 टक्के भूमी येते.

आता 2020 चे आकडे घेऊन तोच हिशेब पुन्हा करावा. आग्नेय बाजूचा हिस्सा आजही 94 टक्क्यांच्या आसपास आहे. मधल्या पंचाऐंशी वर्षांत जपानी आक्रमण झाले, यादवी युद्ध झाले, साम्यवादी क्रांती झाली, महाभयंकर दुष्काळ पडला, लोकसंख्या तिपटीने वाढली, शेतीप्रधान देश जगाचा कारखाना बनला आणि कोट्यवधी माणसांनी गाव सोडले. तरीही रेषेच्या दोन बाजूंमधील वाटणी जेमतेम दोन टक्क्यांनी बदलली. माझ्या मते लोकसंख्येच्या भूगोलात याहून विचार करायला लावणारी वस्तुस्थिती क्वचितच सापडेल. रेषेच्या आग्नेयेला घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे 320 आणि वायव्येला सुमारे 15 पडते. गंमत अशी की हा ‘दाट’ चीनही सरासरीने महाराष्ट्राहून थोडा विरळच आहे.

या स्थैर्याचे पहिले कारण पाऊस हे आहे. हू हे चू कचन या हवामानशास्त्रज्ञाचे विद्यार्थी होते आणि चू यांनी चीनमधील मोसमी वाऱ्यांचा पायाभूत अभ्यास केला होता, हा संबंध केवळ योगायोगाचा नाही. आपल्याकडे मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. चीनमध्ये उन्हाळी मोसमी वारे मुख्यतः आग्नेयेकडून, म्हणजे दक्षिण चीनच्या समुद्रावरून आणि प्रशांत महासागरावरून, जमिनीकडे येतात. मे महिन्यात दक्षिण किनाऱ्यावर, जून-जुलैमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात आणि जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेच्या मैदानात असा हा पाऊस टप्प्याटप्प्याने वर सरकतो, आणि वाटेत डोंगररांगा ओलांडताना कोरडा पडत जातो. समुद्रापासून वायव्येकडे जावे तसतसा पाऊस कमी होतो. ज्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस 400 मिलिमीटरवर येतो तो पट्टा उत्तर चीनमध्ये हू यांच्या रेषेच्या बराच जवळून जातो. माण-आटपाडीकडच्या शेतकऱ्याला चारशे-पाचशे मिलिमीटरच्या भरवशावर पीक घेणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. उत्तर चीनच्या थंड हवेत बाष्पीभवन कमी असल्यामुळे तेवढ्या पावसावर गहू आणि भरडधान्ये कशीबशी निघतात. त्याखाली गेले की कोरडवाहू शेती संपते आणि गवताळ कुरणे सुरू होतात. शेती करणारा समाज एका जागी दाट वस्ती करून राहू शकतो, तर जनावरे चारणाऱ्या समाजाला तेवढ्याच माणसांसाठी कितीतरी पट अधिक जमीन लागते. चीनची प्रसिद्ध भिंत बऱ्याच अंतरापर्यंत याच सीमेच्या आसपास बांधली गेली, कारण शेतकरी राज्यांचा आणि घोडेस्वार पशुपालकांचा शेजार नेमका इथे होत होता.

मात्र पाऊस हे संपूर्ण उत्तर नाही, आणि सोप्या मांडणीत ही गोष्ट अनेकदा निसटते. रेषेच्या दक्षिण टोकाला थेंगचोंगमध्ये पाऊस भरपूर पडतो. तिबेटच्या आग्नेय कोपऱ्यातील मेदोग तर चांगलेच ओले आहे. तरीही तिथून पश्चिमेकडे वस्ती विरळ होते, कारण तिथे जमीन उभी राहते. चीनचे भूगोलाचे शिक्षक मुलांना देशाची रचना तीन पायऱ्यांच्या जिन्यासारखी समजावून सांगतात. सर्वांत वरची पायरी म्हणजे सरासरी चार हजार मीटरहून उंच असलेले तिबेटचे पठार. मधली पायरी बहुतांशी एक ते दोन हजार मीटर उंचीची असून तिच्यात मंगोलियाकडचे पठार, पिवळ्या मातीचे पठार, युन्नान-क्वेचौचे पठार आणि तारिम व सिचुआन ही खोरी येतात. खालची पायरी समुद्राकडे उतरणारी, बहुतेक ठिकाणी पाचशे मीटरहून कमी उंचीची मैदाने आणि टेकड्या यांची आहे. वरच्या पायरीवर हवा विरळ, उन्हाळा अतिशय छोटा आणि पिके मोजकी. नदीखोऱ्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यांत सातू पिकवायचा आणि बाकी ठिकाणी याक चारायचे, एवढेच तिथे शक्य असते. वरच्या पायरीवरून खाली उतरताना आडवी येणारी हंग्द्वान पर्वतराजी अशी आहे की तिच्यात साल्विन, मेकाँग आणि यांगत्सेचा वरचा प्रवाह या तीन मोठ्या नद्या खोल दऱ्यांतून जवळजवळ समांतर वाहतात आणि सपाट जमीन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरते. म्हणजे एकाच रेषेमागे दोन वेगळी कारणे आहेत: उत्तरेला कोरडेपणा आणि नैर्ऋत्येला उंची व उतार.

सिचुआनचे खोरे याचे उत्तम उदाहरण आहे. चेंगदू शहराभोवतीचे मैदान मधल्या पायरीवर, सर्व बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आणि समुद्रापासून दूर असूनही जगातील दाट लोकवस्तीच्या शेतीप्रदेशांपैकी एक आहे. तिथली माती सुपीक, हिवाळा सौम्य आणि पाणी मुबलक आहे. इसवी सनापूर्वी 256 च्या सुमारास ली बिंग या अधिकाऱ्याने दुजियांगयानला मिन नदीचा प्रवाह विभागून जी कालव्यांची व्यवस्था उभी केली ती आजही चालू आहे. या मैदानातून पश्चिमेकडे निघाले की काही तासांच्या प्रवासात तिबेटी पशुपालकांची उंच कुरणे लागतात. प्रांत तोच राहतो, माणसांची दाटी मात्र शेकडोंवरून एक आकडी संख्येवर येते. म्हणून प्रांतवार घनतेचे नकाशे पाहताना फार सावध राहावे लागते: संपूर्ण सिचुआनला एकच रंग दिला की हा फरक पूर्णपणे पुसला जातो.

वायव्येच्या विस्तीर्ण भागाला ‘रिकामा’ म्हणण्याची सवय मात्र मला अयोग्य वाटते. 141 कोटींचे सहा टक्के म्हणजे साडेआठ कोटींच्या आसपास माणसे होतात, आणि ती या भूमीवर एकसारखी पसरलेलीही नाहीत. शिनच्यांगचे क्षेत्रफळ 16 लाख चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटीहून जास्त आहे आणि लोकसंख्या 2 कोटी 58 लाख आहे. पण त्यातील दशांशाहूनही कमी भूमी राहण्याजोगी आहे. तकलामकानच्या वाळवंटाभोवती कडेकडेने काशगर, होतान, अक्सू ही जी हिरवळीची गावे आहेत, त्यांना कुनलुन आणि तिएनशान पर्वतांवरील बर्फाचे पाणी मिळते. तुर्फानच्या खोलगट प्रदेशात डोंगरातले पाणी जमिनीखालून बोगद्यांनी शेतापर्यंत आणण्याची जुनी पद्धत आहे. या हिरवळींमधील दाटी पूर्व चीनमधील खेड्यांपेक्षा फारशी कमी नसते, आणि तिथल्या मुस्लिम उइगूर समाजाचा शेती-व्यापाराचा इतिहास शतकानुशतकांचा आहे. ज्या अर्थाने वाळवंट रिकामे असते, त्या अर्थाने शिनच्यांग रिकामे नाही. जिथे पाणी आहे तिथे ते भरलेलेच आहे.

आता रेषेच्या आग्नेय बाजूकडे वळू, कारण 94 टक्के लोकांची कहाणी तिथे घडते. या भागातही एक महत्त्वाची विभागणी आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेली चिनलिंग पर्वतरांग आणि तिच्याच पुढे समुद्राच्या दिशेने वाहणारी ह्वाय नदी या दोहोंना जोडणारी सीमा उत्तर आणि दक्षिण चीन वेगळे करते. वर्षाला 800 मिलिमीटर पावसाची रेषा आणि जानेवारीत शून्य अंश सेल्सियस तापमानाची रेषा या सीमेच्या आसपासच जातात. तिच्या उत्तरेला गहू आणि त्याच्या शेवया व मांटोऊ हे वाफवलेले पाव, दक्षिणेला भात. उत्तरेच्या शहरांत 1950 च्या दशकापासून हिवाळ्यात सरकारी व्यवस्थेतून घरे गरम केली जातात, दक्षिणेत तशी सार्वत्रिक सोय नाही. चीनमध्ये कोण उत्तरेचा आणि कोण दक्षिणेचा, हे सामान्य माणूस आजही याच सीमेवरून ठरवतो.

दोन हजार वर्षांपूर्वी चीनची बहुसंख्य प्रजा उत्तरेत, पीत नदीच्या काठाने राहत होती. हान साम्राज्याने इसवी सन 2 मध्ये घेतलेल्या शिरगणतीत सहा कोटींच्या जवळपास लोक नोंदले गेले आणि त्यांतील फार मोठा भाग याच मैदानात होता. पिवळी, भुसभुशीत, वाऱ्याने वाहून आणलेली माती लाकडी अवजारांनीही नांगरता येत असे, हे त्याचे एक कारण. पुढे उत्तरेकडून होणारी आक्रमणे आणि पीत नदीचे महापूर यांमुळे लोक वारंवार दक्षिणेकडे सरकत गेले. अकराव्या शतकाच्या प्रारंभी आजच्या व्हिएतनाममधील चंपा राज्यातून लवकर पिकणाऱ्या भाताचे बियाणे चीनच्या राज्यकर्त्यांनी आणून वाटले आणि दक्षिणेत वर्षाला दोन पिके घेणे अधिक सोपे झाले. 1127 मध्ये उत्तरेची राजधानी कायफंग पडल्यानंतर सोंग घराण्याने हांगचौला बस्तान हलवले, तोपर्यंत लोकसंख्येचा तोल यांगत्सेच्या दक्षिणेकडे झुकलेला होता. त्यानंतर सोळाव्या शतकापासून अमेरिका खंडातून मका आणि रताळी आली, ज्या उतारांवर भात होत नव्हता तेही लागवडीखाली आले, आणि 1850 च्या सुमारास लोकसंख्या 43 कोटींवर पोहोचली. आपल्या ताटातले रताळे चीनच्या इतिहासात एवढे मोठे काम करून गेले आहे याची आपल्याला सहसा जाणीव नसते.

उत्तरेचे मैदान त्यामुळे ओस पडले असे मात्र नाही. पीत नदीच्या गाळाने बनलेले, आकाराने साधारण महाराष्ट्राएवढे हे मैदान आजही पृथ्वीवरील अत्यंत दाट वस्तीच्या भागांपैकी आहे. शानदोंग आणि हेनान हे दोन प्रांत मिळूनच वीस कोटी लोक होतात. या मैदानाच्या पश्चिम काठावर, जिथे ते संपून ताइहांग पर्वत सुरू होतो, तिथे शिज्याच्वांग नावाचे शहर आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले, ते याच डोंगराळ काठावरच्या गावांत जखमींवर उपचार करत राहिले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांची समाधी शिज्याच्वांगमध्ये आहे. खाली मैदानात जपानी सैन्य आणि वर डोंगरात प्रतिकार करणारे, अशी त्या युद्धाची विभागणी याच दोन भूपायऱ्यांच्या सीमेवर झाली होती.

या मैदानाचे आजचे सर्वांत मोठे दुखणे पाणी हे आहे. चिनलिंग-ह्वाय सीमेच्या उत्तरेला देशातील निम्म्याहून अधिक शेतजमीन आणि चाळीस टक्क्यांहून अधिक लोक आहेत, पण पाण्याचा वाटा सुमारे पाचव्या हिश्श्याएवढाच आहे. भूजलाचा उपसा अनेक दशके चालू राहिल्यामुळे पातळी खोल गेली. त्यावर उपाय म्हणून दक्षिणेचे पाणी उत्तरेला नेणारे प्रचंड कालवे बांधण्यात आले. त्यांतील मधला मार्ग हान नदीवरील धरणातून निघून, पीत नदीच्या खालून बोगद्याने जाऊन, सुमारे पावणेतेराशे किलोमीटरचा प्रवास करत डिसेंबर 2014 मध्ये बीजिंगपर्यंत पोहोचला. माणसे पाण्याकडे जाण्याऐवजी पाणी माणसांकडे आणण्याचा हा मार्ग आहे. तो किती खर्चिक आहे हे मराठवाड्यासाठी नदीजोड प्रकल्पांची चर्चा ऐकणाऱ्यांना सहज कळेल.

इथवर वाचून असे वाटू शकेल की चीनमध्ये माणसे जागची हललीच नाहीत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. स्थलांतरे प्रचंड झाली, पण त्यांतील बहुतेक रेषा ओलांडून न जाता तिच्या आग्नेय बाजूच्या आतच झाली, हे समजून घेतल्याशिवाय तो 94 टक्क्यांचा आकडा उलगडत नाही.

पहिले मोठे स्थलांतर मंचुरियाकडे, म्हणजे आजच्या ईशान्य चीनकडे, झाले. तेव्हा चीनवर राज्य करणारे छिंग घराणे मूळचे तिथल्या मांचू जमातीचे असल्यामुळे त्यांनी आपल्या मातृभूमीत चीनमधील बहुसंख्य हान लोकांना वसायला दीर्घकाळ बंदी घातली होती. 1858 मध्ये आयहुईला झालेल्या तहाने अमूर नदीच्या उत्तरेचा सारा मुलूख रशियाकडे गेला, तेव्हा रिकामी सीमा राखता येत नाही हे दरबाराला कळून चुकले आणि 1860 पासून बंदी टप्प्याटप्प्याने उठली. त्यानंतर शानदोंग आणि होपेई या प्रांतांतील दुष्काळाने आणि जमिनीच्या तुकड्यांनी गांजलेले शेतकरी बोटीने, रेल्वेने आणि पायी ईशान्येकडे जाऊ लागले. 1891 ते 1942 या काळात सुमारे अडीच कोटी लोक तिकडे गेले. त्यांतील जवळपास दोन-तृतीयांश परत आले, पण उरलेल्यांनी सोयाबीन आणि ज्वारीची शेती करत तीन प्रांत वसवले. पुढे तिथे पोलादाचे कारखाने, खाणी आणि 1959 मध्ये सापडलेले दाचिंगचे तेलक्षेत्र यांमुळे तो चीनचा औद्योगिक कणा झाला.

दुसरे, रेषा ओलांडून झालेले मोठे स्थलांतर सरकारने घडवले. 1954 मध्ये शिनच्यांगमध्ये माजी सैनिकांच्या वसाहतींची एक अर्धलष्करी संघटना उभी करण्यात आली, जिने कालवे खोदून कापसाची शेती केली आणि शिहत्सीसारखी शहरे वसवली. 1953 मध्ये शिनच्यांगच्या लोकसंख्येत हान लोक सुमारे 6 टक्के होते. 2020 मध्ये ते 42 टक्के झाले, तर उइगूर 45 टक्क्यांवर आले. रेषेच्या वायव्येचा हिस्सा चारावरून सहा टक्क्यांवर जाण्यामागे हे एक कारण आहे. देशाच्या एकूण हिशेबात तो बदल किरकोळ दिसतो, पण ज्या समाजाच्या भूमीत तो झाला त्याच्यासाठी तो मुळीच किरकोळ नव्हता. 2017 नंतर त्या समाजावर जी कडक दडपशाही झाली, तिच्या काळात शिनच्यांगचा जन्मदर दोन वर्षांत जवळपास निम्मा झाला, हे चीनच्याच सांख्यिकी वार्षिकात नोंदलेले आहे. लोकसंख्येचा नकाशा वाचताना पाऊस आणि उंची यांच्याबरोबर राज्यसत्तेचा हात कुठे पडला हेही पाहावे लागते.

तिसरे स्थलांतर आपल्या डोळ्यांदेखत झाले. 1978 नंतर आर्थिक धोरण बदलले, 1980 मध्ये शेन्झेन, जूहाय, शानतोऊ आणि श्यामन इथे विशेष आर्थिक क्षेत्रे सुरू झाली, आणि हेनान, सिचुआन, हुनान, आन्ह्वेइ यांसारख्या प्रांतांतील तरुण किनाऱ्यावरच्या कारखान्यांकडे निघाले. शेन्झेनच्या जागी 1980 मध्ये सुमारे तीन लाख लोक होते. 2020 मध्ये 1 कोटी 75 लाख. एकट्या ग्वांगदोंग प्रांताने 2010 ते 2020 या दशकात दोन कोटींहून अधिक लोक वाढवले आणि 12 कोटी 60 लाखांवर जाऊन तो सर्वाधिक लोकसंख्येचा प्रांत राहिला. 2020 मध्ये नोंदणीच्या गावापासून दूर राहणाऱ्यांची संख्या 37 कोटी 58 लाख होती. त्यांतील साडेबारा कोटींच्या आसपास लोक दुसऱ्या प्रांतात गेलेले होते आणि बाकीचे आपल्याच प्रांतातील शहरांत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

‘नोंदणीचे गाव’ ही संकल्पना इथे समजून घ्यायला हवी. चीनमध्ये 1958 पासून प्रत्येक कुटुंबाची हुकोऊ नावाची नोंद असते आणि ती एका ठिकाणाशी बांधलेली असते. भारतात बिहारमधून पुण्याला आलेल्या माणसाला इथला रहिवासी होण्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. चीनमध्ये मोठ्या शहरात कामाला गेलेला माणूस तिथे वीस वर्षे राहिला तरी हुकोऊ बदलून मिळेलच असे नाही, आणि ती नसेल तर मुलांची सरकारी शाळा, काही आरोग्यसेवा आणि घरांच्या योजना यांत अडचणी येतात; विद्यापीठ प्रवेशाची परीक्षाही सामान्यतः हुकोऊच्या ठिकाणीच द्यावी लागते. म्हणून कोट्यवधी आईवडील शहरात आणि मुले आजीआजोबांबरोबर खेड्यात, अशी कुटुंबे विभागली गेली. अलीकडे लहान शहरांनी हे नियम बरेच सैल केले आहेत, बीजिंग आणि शांघाय मात्र अजून कठोर आहेत. 2020 मध्ये राहण्याच्या ठिकाणानुसार 63.89 टक्के लोक शहरी होते, पण हुकोऊनुसार केवळ 45.4 टक्के. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे शहरात राबणारी, पण कागदोपत्री शहराची नसलेली माणसे होत. मला चीनच्या लोकसंख्येच्या साऱ्या आकडेवारीत हे अंतर सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते.

आकडे वाचताना होणाऱ्या दोन गोंधळांचा उल्लेख इथेच करतो. चीन सरकार देशाचे पूर्व, मध्य, पश्चिम आणि ईशान्य असे चार आर्थिक प्रदेश पाडते. त्यांतील ‘पश्चिम’ प्रदेशात 27 टक्के लोक राहतात असे वाचून हू यांची रेषा खोटी ठरली असे कोणी समजू नये. सरकारी पश्चिमेत सिचुआन, चोंगचिंग, क्वेचौ आणि ग्वांगशी यांचाही समावेश होतो आणि त्यांची बहुतेक वस्ती रेषेच्या आग्नेयेलाच आहे. दुसरा गोंधळ चोंगचिंगचा. तीन कोटींहून अधिक लोकसंख्येचे हे जगातील सर्वांत मोठे शहर असल्याचे वारंवार सांगितले जाते. वास्तविक 1997 मध्ये सिचुआनमधून वेगळा काढलेला हा 82 हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे मराठवाड्याहूनही मोठा, प्रशासकीय विभाग आहे आणि त्यात शेते, डोंगर, खेडी सारे काही येते.

नोव्हेंबर 2014 मध्ये तत्कालीन पंतप्रधान ली कच्यांग यांनी बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयातील एका प्रदर्शनात हू यांच्या नकाशापुढे उभे राहून विद्वानांना विचारले होते की ही रेषा भेदायची कशी, म्हणजे मध्य आणि पश्चिमेकडील लोकांनाही घराजवळच आधुनिक जीवन कसे मिळेल. त्याआधी 1999-2000 पासूनच पश्चिमेच्या विकासाची मोठी मोहीम सुरू होती. 2006 मध्ये ल्हासापर्यंत रेल्वे गेली, महामार्ग आणि विमानतळ झाले, वाळवंटांत पवनचक्क्या आणि सौरपट्ट्या उभ्या राहिल्या. तरी या मोहिमेतून वायू आणि वीज यांचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे जितका वाढला तितका माणसांचा प्रवाह उलट दिशेने वाढला नाही. माझ्या मते तो वाढवण्याचा हट्टही धरू नये. कोरड्या आणि नाजूक प्रदेशात वस्ती वाढवल्यास काय होते याचा अनुभव चीनने घेतलेला आहे: तारिम नदीच्या वरच्या अंगाला कापसासाठी पाणी वळवल्यावर खालचा प्रवाह आणि लोप नोरचे सरोवर आटले. तिथे आधीच राहणाऱ्या साडेआठ कोटी लोकांना चांगली शाळा, दवाखाना आणि रोजगार मिळणे हा अधिक योग्य निकष ठरेल, आणि त्यासाठी रेषेची टक्केवारी बदलण्याची गरज नाही.

पुढच्या काळात आकडे हलले तर ते स्थलांतरामुळे हलतील असेही नाही. 2022 मध्ये चीनची एकूण लोकसंख्या साठहून अधिक वर्षांत प्रथमच घटली, आणि 2023 मध्ये तर एका वर्षात वीस लाखांहून अधिक लोक कमी झाले. घट सर्वत्र सारखी नाही. ज्या ईशान्येकडे एकेकाळी कोट्यवधी शेतकरी गेले, तिथून 1990 च्या दशकाच्या अखेरीस सरकारी कारखाने बंद पडू लागल्यावर तरुण दक्षिणेकडे निघून गेले. 2010 ते 2020 या दशकात त्या तीन प्रांतांनी मिळून 1 कोटी 10 लाख लोक गमावले, एकट्या हेइलोंगच्यांगने 64 लाख. हकांगसारख्या कोळशाच्या शहरांत घरे इतकी स्वस्त झाली की त्यांच्या बातम्या देशभर गाजल्या. हेइलोंगच्यांगचा जन्मदर देशात सर्वांत कमी पातळीवर आहे, तर नैसर्गिक वाढ सर्वांत अधिक तिबेटमध्ये आहे. म्हणजे येत्या काही दशकांत वायव्येचा हिस्सा सहा टक्क्यांहून थोडा वर गेला, तर त्याचे कारण मुख्यतः आग्नेयेतील रिकामे होत जाणारे पाळणे हेच असेल.